आत घेतलेली शिवण

थोरलीपासून काही लपत नाही असं सगळे म्हणत, आणि सगळ्यांत मोठ्या आवाजात ती स्वतःच म्हणे. एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात परत आलेला माल तपासायच्या काउंटरवर तिची एकोणीस वर्षं गेली होती. "एकदाही अंगाला लावला नाही हो," असं शपथेवर सांगणाऱ्या बाईचा कोट ती घ्यायची, काखेतली शिवण उलटून बघायची आणि शांतपणे म्हणायची, "लग्नात घातलात. नाचलातही बऱ्यापैकी." मग ती बाई कोट उचलून मुकाट निघून जायची.

अशा बाईच्या डोळ्यांत धूळ फेकायची म्हणजे धाडसच. पण तिच्या माहेरी तेच चाललंय, याबद्दल तिची आता खात्री झाली होती.

दर रविवारी दुपारी ती वडिलांना व्हिडिओ फोन करी. वडील म्हणजे नाना, वय सत्त्याऐंशी, जन्मभर शिंपी. राहायला धाकट्या भावाकडे, म्हणजे स्वतःच्याच घरात, पुढच्या खोलीत दुकान आणि मागे संसार. फोनवर नाना नेहमी कडक इस्त्रीच्या शर्टात असत, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. शर्ट अंगाला असा चोख बसलेला की वाटावं, माणूस आत्ता कुणाच्या तरी साखरपुड्याला निघालाय. पण गेले तीन रविवार बोलणं दोन मिनिटांत आटपत होतं. आणि परवाच्या रविवारी धाकट्याने फोन खाली घेतला, तेव्हा एक क्षणभर कोपऱ्यात लोखंडी कठड्याची खाट दिसली. दवाखान्यात असते तसली. अशी खाट घरात आलीये, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

तिने तेव्हा विचारलंही नाही. समोरच्याला सावध करायचं नाही, हा काउंटरचा पहिला धडा. गुरुवारची रजा टाकली, कुणाला न कळवता सकाळची बस पकडली आणि पाच तास खिडकीला डोकं टेकून एकच गोष्ट घोळवत बसली. कुठेतरी पाणी मुरतंय.

दार भावजयीने उघडलं. हातात ओला टॉवेल, केस कसेतरी वर बांधलेले.

"अगंबाई, ताई! कळवायचं तरी."

"कळवलं असतं तर काय केलं असतंस? खाट लपवली असतीस?"

भावजय ओशाळली. बाजूला झाली. ओशाळली म्हणजे काहीतरी आहे, हे थोरलीने मनात टिपून ठेवलं आणि चपला काढल्या न काढल्या तशी आत गेली.

दुकानाच्या खोलीतलं कापड बेतायचं टेबल भिंतीला लावलं होतं आणि त्याच्या जागी, शिलाई मशीनच्या शेजारी, ती खाट. नाना डोळे मिटून, उशांना टेकून पडले होते. अंगात निळ्या रेघांचा शर्ट, तसाच चोख. पण थोरलीने पांघरूण पायाकडून वर केलं. पायांच्या नुसत्या काटक्या झाल्या होत्या. घोटे तेवढे सुजलेले. फोनवरचा माणूस आणि हा माणूस एक नव्हता.

"नाना," ती म्हणाली.

त्यांनी डोळे उघडले. ओळखायला थोडा वेळ लागला. मग नजर तिच्या चेहऱ्यावरून खाली सरकली.

"खांदा उतरलाय," ते पुटपुटले. "तुझ्या कुर्त्याचा. कुणी शिवला?"

"तयार घेतलाय, नाना."

"दिसतंय," म्हणाले, आणि पुन्हा डोळे मिटले. एवढं बोलण्यातच त्यांना धाप लागली होती.

मग थोरली कामाला लागली. काउंटरवर जसा एकेक कपडा, तशी ती घरातली एकेक वस्तू बघत फिरली. नानांच्या गोळ्यांचा डबा तिने स्वतः आणून दिला होता, दिवसाच्या अकरा गोळ्या, सकाळ-दुपार-संध्याकाळचे कप्पे. डबा रिकामा, धुऊन पालथा घातलेला. त्याच्या जागी दोनच पाकिटं आणि एक छोटी तपकिरी बाटली, सोबत थेंब मोजायची पिचकारी. स्वयंपाकघरात सूपची वाटी, तीनेक चमचे कमी झालेली, बाकी तशीच. आणि कळस म्हणजे दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला कागद. मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "ॲम्ब्युलन्स बोलावण्याआधी या नंबरवर फोन करा."

ती तो कागद दोनदा वाचून भावजयीकडे वळली.

"गोळ्या कुणी बंद केल्या?"

"सिस्टरांनी. म्हणजे डॉक्टरांनीच, पण सिस्टर येतात ना आठवड्यातून दोनदा, त्या..."

"कोण सिस्टर? कुठल्या दवाखान्याच्या?"

"दवाखान्याच्या नाहीत, ताई. त्या घरी येऊन बघणाऱ्या. शेवटच्या..." भावजयीने शब्द गिळला.

"शेवटच्या काय?"

"शेवटच्या दिवसांत बघतात त्या."

"आणि हे शेवटचे दिवस आहेत, हे ठरवलं कुणी? तू?"

भावजय टॉवेलचं टोक पिळत राहिली.

"खातात किती?"

"मागतात तेवढं."

"आणि मागितलं नाही की सुटलात!" थोरलीचा आवाज चढला. "अगं, उपाशी ठेवताय त्यांना! गोळ्या नाहीत, अन्न नाही, वर हा कागद! माणूस मरायला टाकलाय तुम्ही, सरळ सांगायचं तर."

भावजयीचे डोळे भरून आले. थोरलीने अशा रडण्याला काउंटरवर कधी भीक घातली नव्हती. ही रडते म्हणजे हिच्या मनात चांदणं आहे. दीड वर्ष उठवा-बसवायचं, धुवायचं, पुसायचं. दमली असेल. दमलेल्या माणसाला सुटका हवी असते आणि मग कुणीतरी गोड बोलणारी सिस्टर भेटली की झालं, ज्याला जे हवं ते त्याला मिळतं. हे तिने इतक्या स्पष्ट शब्दांत मनात म्हटलं आणि म्हटल्यावर तिला स्वतःचीच थोडी भीती वाटली. पण मागे हटणं तिच्या स्वभावात नव्हतं.

तिने फोन काढला. इथल्याच मोठ्या दवाखान्यात तिच्या ओळखीचे एक जण होते, नानांना मागे दोनदा तिनेच तिथे नेऊन भरती केलं होतं आणि तिसऱ्यांदा फोनवरून धाकट्याला दम भरून करायला लावलं होतं. दहा मिनिटांत खाट मिळाली. ॲम्ब्युलन्स चार वाजता येणार. घड्याळात पावणेतीन वाजत होते.

"चारला निघायचंय," ती म्हणाली. "बॅग दे. कपडे मी भरते."

"ताई, ह्यांना येऊ दे ना. फोन केलाय मी, निघालेत ते."

"येऊ दे की. ॲम्ब्युलन्समध्ये जागा असते."

आतल्या खोलीतलं नानांचं कपाट तिला पाठ होतं. वरच्या खणात शर्ट, सगळे त्यांनी स्वतः शिवलेले, घडीला घडी लागलेले. तिने पहिला उचलला आणि बॅगेत ठेवायच्या आधी, एकोणीस वर्षांची सवय, बाजूची शिवण उलटून बघितली.

बघितली आणि खिडकीपाशी गेली.

कापड बोलतं. शिवण उसवून आत घेतली की जुन्या शिवणीच्या जागी सुईच्या भोकांची ओळ राहते, कितीही धुवा, कितीही इस्त्री करा. या शर्टात अशा भोकांच्या तीन ओळी होत्या, एकीच्या आत दुसरी, आणि चौथी चालू शिवण. दुसरा शर्ट काढला. तोच प्रकार. तिसरा, तोच. म्हणजे माणूस आटत गेला तसा शर्ट आत घेतला गेला, एकदा नव्हे, तीनदा. म्हणून फोनवर तो चोख बसायचा. म्हणून, शेवटचं भेटल्यापासून पाच महिने, तिला काही दिसलं नव्हतं.

नुसती हयगय नव्हती ही. हे कुणीतरी बसून, विचार करून, मापं घेऊन तिला फसवलं होतं.

ती शर्ट हातात घेऊन बाहेर आली, तेव्हा खोलीत एक नवी बाई होती. पन्नाशीची, रुंद बांध्याची, पायात कॅनव्हासचे बूट. नानांच्या खाटेच्या कडेवर बसून त्यांच्या श्वासांकडे बघत होती. हातात घड्याळ, ओठांत मोजणं.

"तुम्हीच का त्या," थोरली म्हणाली.

"मीच ती," सिस्टर म्हणाल्या आणि मोजणं पुरं करूनच उठल्या. "आणि तुम्ही थोरल्या. नानांच्या बोलण्यात असता."

"साखर पेरू नका. गोळ्या का बंद केल्या ते सांगा."

सिस्टरांनी स्टूल ओढलं. "त्यातल्या तीन गोळ्या पुढच्या दहा वर्षांत काही होऊ नये म्हणून होत्या. नानांना दहा वर्षं हवीत का, हे तुम्हीच बघा. दोन गोळ्यांनी मळमळायचं. धाप आणि सूज यांची गोळी चालू आहे, दुखण्याची चालू आहे."

"आणि ती बाटली?"

"धाप लागली की माणूस घाबरतो. त्या थेंबांनी घाबरणं कमी होतं. मापात दिले की त्याने कुणी लवकर जात नाही. हा प्रश्न सगळे विचारतात, न विचारणारे मनात विचारतात. तुम्ही तोंडावर विचारलात, बरं झालं."

थोरलीला ही बाई आवडत नव्हती, आणि आवडत नाही याचं नेमकं कारण सापडत नव्हतं, त्यामुळे आणखीच आवडत नव्हती. खोटं बोलणारी माणसं घाई करतात. ही करत नव्हती.

"उपाशी ठेवलंय त्यांना."

"त्यांचं शरीर आता अन्न घेत नाही. बळे भरवलं तर घास श्वासनळीत जाईल. भूक लागत नाही म्हणून माणूस जात नाही हो, जायला निघाला की भूक लागत नाही."

"आणि जायला निघाला हे तुम्हाला कसं कळतं? कुठे लिहिलेलं असतं?"

"एका ठिकाणी नाही लिहिलेलं," सिस्टर म्हणाल्या. "तीनदा दवाखान्यात नेलंत ना? बरं वाटावं म्हणून नेलंत, योग्यच केलंत. पण प्रत्येक वेळी परत आले तेव्हा काय काय येईनासं झालं होतं, ते यांना विचारा."

भावजय भिंतीशी उभी होती. टॉवेलकडे बघतच तिने सांगितलं. "पहिल्यांदा आले तेव्हा जिना चढता येईना. दुसऱ्यांदा मशीनवर फार वेळ बसता येईना, पाय भरून यायचे. तिसऱ्यांदा आले ते उठलेच नाहीत. आता दिवसातले वीसेक तास झोपतात."

"गेलेलं परत येत असेल तर दवाखान्यात जावं," सिस्टर म्हणाल्या. "पुन्हा पुन्हा नेऊनही काहीच परत येत नसेल, तर मग आमच्यासारख्यांना बोलवावं. लोक फार उशिरा बोलावतात. तुमच्या ॲम्ब्युलन्सला मी अडवणार नाही, तो माझा अधिकार नाही. फक्त नळ्या लावतील, हात बांधतील, आणि नाना घर शोधत राहतील, एवढं सांगते."

मागच्या वेळी नानांचे हात बांधले होते. नळी ओढतात म्हणून. धाकट्याने फोनवर सांगितलं होतं आणि थोरली म्हणाली होती, बांधू दे, त्यांच्या भल्यासाठीच आहे. हे तिला आत्ता आठवायला नको होतं.

"आणि हे?" तिने शर्ट पुढे केला. सगळं ओझं तिने त्या एका शर्टावर टाकलं. "हे कुणाच्या भल्यासाठी? तीन वेळा आत घेतलेत! मला दिसू नये म्हणून. हे कुणी केलं ते सांगा आधी, मग बाकीचं."

भावजयीने पहिल्यांदा मान वर केली. "मला साधं बटण लावता येत नाही, ताई. तुम्हीच हसता त्यावरून, दर वेळी."

तेवढ्यात धाकटा आत आला. छापखान्यातून तसाच धावत आला होता, बोटांना शाई. त्याने बहिणीच्या हातातला शर्ट पाहिला आणि दारातच थांबला.

"नानांनी केलंय ते," तो म्हणाला.

"काहीतरी सांगू नकोस."

"बघ की तूच. तुला कळतं ना सगळं."

तिने शर्ट पुन्हा उलटा केला. रागाच्या भरात तिने भोकं मोजली होती, टाके बघितलेच नव्हते. आता बघितले. नाना डावखुरे. शिवण संपली की ते दोरा तोडत नसत, हाताने तीन बारीक टाके आडवे घालत, उजवीकडे कललेले. लहानपणी तिच्या प्रत्येक फ्रॉकला ते तीन टाके असत. इथे चालू शिवणीच्या शेवटी तीन टाके होते. जिथे जुनी शिवण उसवली होती, तिथेही त्यांच्या खुणा होत्या.

"दवाखान्यातून आले की आधी शर्ट मागायचे," धाकटा म्हणाला. "शनिवारी बसून करायचे. रविवारी तुझा फोन असतो म्हणून. मी म्हटलं, नाना, ताईला सांगू या. तर म्हणाले, ती मला बारीक बघेल आणि पुन्हा नेऊन टाकेल. शेवटचं ह्या खाटेवर बसून केलंय, हाताने. हिने सुईत दोरा ओवून दिला. आठ दिवस लागले."

चौथी शिवण मशीनची नव्हतीच. हातशिलाई होती, आणि वेडीवाकडी. ज्या माणसाने एका दोऱ्याइतकी चूक झाली तरी अख्खी बाही उसवली असती, त्याची ही शिवण होती.

"सिस्टरांना कुणी बोलावलं?" तिने विचारलं.

"नानांनीच," सिस्टर म्हणाल्या. "कागदावर सही त्यांची आहे. तुम्हाला कळवायला मी सांगितलं होतं. म्हणाले, थोरलीला मी सांगतो. पुढच्या खेपेला विचारलं तर म्हणाले, हिंमत होत नाही."

थोरली खाली बसली. तिच्या हाताखालचं कापड तिला काहीतरी वेगळं लागत होतं आणि काय ते कळत नव्हतं. शिवण पातळ होती. तिने बोट आत घालून बघितलं. शिवणीच्या आत जास्तीचं कापड राखतात, शिंपी त्याला माया म्हणतात. नानांचा त्याबाबतीत हट्ट होता. पोर वाढतं, माणूस सुटतो, आजारी माणूस पुन्हा भरतो, कापड आतच ठेवावं, कापलं की परत येता येत नाही. गिऱ्हाईक म्हणे, टोचतं, कापून टाका. नाना म्हणत, दुसरीकडे जा. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाची माया कापली नव्हती.

या शर्टात ती कापलेली होती. सगळ्यांत बाहेरच्या भोकांच्या ओळीलगत, साफ, पुन्हा सैल करायला जागाच न ठेवता. तिने बाकीचे दोन शर्ट मागून घेतले. त्यांतही.

जे तिला कुणीही सांगू शकलं नसतं, सिस्टर नाही, डॉक्टर नाही, ते तिला त्या कापलेल्या काठाने सांगितलं. नाना पुन्हा भरणार नव्हते, आणि हे त्यांना सगळ्यांच्या आधी माहीत होतं. त्यांनी तिच्यापासून आजार लपवला नव्हता. स्वतःला तिच्यापासून लपवलं होतं. जगात ती एकच होती, जिला ते घाबरत होते. थोरली रडली, आणि तिला रडताना भाऊ-भावजयीने पहिल्यांदाच पाहिलं, त्यामुळे दोघांनाही हात कुठे ठेवावेत ते कळेना.

फोन वाजला. चारला दहा कमी होते.

"मॅडम, गल्लीच्या तोंडाशी आलोय. आत कुठून वळायचं?"

सगळे तिच्याकडे बघत होते. नाना सोडून, ते झोपले होते.

"वळू नका," ती म्हणाली. "परत जा. आमची चूक झाली."

मग ती खाटेपाशी जाऊन बसली. सिस्टरांनी नानांना कुशीवर वळवायला घेतलं, तशी त्यांची मुद्रा आवळली. शर्ट पाठीत ओढला जात होता.

"पाठीतून उभा चिरला तर बरं पडेल त्यांना," सिस्टर हळू म्हणाल्या. "पुढून शर्टच दिसेल, घालता-काढताना हलवावं लागणार नाही. यांना सांगतेय कधीची, पण यांचा हात होत नाही."

"नानांनी शिवलेला शर्ट मी कशी कापू?" भावजय म्हणाली.

थोरलीने टेबलावरची मोठी कात्री घेतली. ती कात्री लहानपणी तिला हातात घ्यायला बंदी होती. निळ्या रेघांचा शर्ट तिघांनी मिळून अलगद काढला, आणि तिने पाठीच्या मधोमध, वरपासून खालपर्यंत, एकदाच कात्री चालवली. आवाजाने नानांनी डोळे उघडले. कात्री पाहिली, शर्ट पाहिला, दारातली अर्धी भरलेली बॅग पाहिली. मग तिच्याकडे बघितलं, आणि ती भीती तिला दिसली.

"बॅग कुणाची?" त्यांनी विचारलं.

"माझी," थोरली म्हणाली. "राहायला आलेय."

बॅगेतून त्यांचाच पायजमा लोंबत होता. नानांनी तो नक्कीच पाहिला. मग ते मशीनकडे बघत राहिले, जिथे ती आता बसली होती आणि चिरलेला काठ दुमडत होती. दोरा तिसऱ्या खेपेला ओवला गेला.

"नाना, तुम्हाला कळलं का मला काय कळलंय ते?" तिने मान न वळवता विचारलं.

तिला वाटलं, झोपले.

"काठ बारीक दुमड," मागून आवाज आला. "पाठीला टोचेल."